‘के’च्या आधी काय येतं?

पत्र थोडक्यात असं. पत्रलेखिका चौतीस वर्षांच्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकलच्या दुकानात काम करतात, डी. फार्म. झालेल्या आहेत. काम चोख, गिऱ्हाइकं त्यांनाच शोधत येतात. पण एक गोष्ट त्यांनी लहानपणापासून लपवली आहे: त्यांच्या लक्षात क्रम राहत नाही. दुकानातली औषधं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली असतात. ‘एन’ हा ‘एल’च्या आधी की नंतर, हे कळायला त्यांना दर वेळी मनातल्या मनात ‘ए’पासून सुरुवात करावी लागते. ओठ हलतात. ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्या रॅककडे तोंड करून उभ्या राहतात. स्ट्रिपवर ‘ऑक्टोबर’ दिसलं की तो कितवा महिना हे बोटांवर मोजतात. मागच्या महिन्यात मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढताना एक खोका चुकीच्या ढिगात गेला. सहकाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. सातचा पाढा आजही येत नाही, डावा हात घड्याळावरून कळतो. श्रावणात सासूबाईंनी सहज विचारलं, ‘भाद्रपदानंतर कोणता गं?’ उत्तर आलं नाही. पहिलीतली लेक म्हणाली, ‘आईला येतच नाही.’ त्यांच्या आजीला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता. ही त्याचीच सुरुवात तर नाही? बुद्धीच कमी आहे का? मालकांना सांगावं का? लेकीलाही हे होईल का? पत्राच्या शेवटी त्या लिहितात: ‘जिला बारा महिने म्हणता येत नाहीत, तिनं लोकांच्या हातात औषधं द्यावीत का, हा प्रश्न मला झोपू देत नाही.’

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून संपलं तेव्हा घरात चहा चालला होता. मी समोर बसलेल्यांना विचारलं, ‘के’च्या आधी काय येतं? आमचे हे निवृत्त इंजिनिअर. एक क्षण थांबले आणि पुटपुटले, ‘एच, आय, जे… जे.’ जाऊबाईंना विचारलं, ‘ध’च्या आधी काय? त्या म्हणाल्या, ‘त, थ, द… द.’ शेजारच्या काकांना डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगितले. ते बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले. सप्टेंबरपर्यंत आले आणि अडखळले, मग ‘जून, जुलै, ऑगस्ट’ असं सरळ म्हणून पाहिलं, आणि परत उलटे निघाले. तिघांचेही ओठ हलत होते.

१९८३ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत विचारला होता. एखादं अक्षर दाखवून त्याच्या आधीचं किंवा नंतरचं सांगायचं. त्यांना असं दिसलं की माणसं वर्णमालेत हवी तिथं थेट उतरत नाहीत. लहानपणी म्हटलेल्या एबीसीडीच्या गाण्यात जिथं जिथं श्वास घेतला जातो तिथून आत शिरतात आणि मग पुढं चालत जातात. म्हणजे ही यादी सगळ्यांच्याच डोक्यात जपमाळेसारखी असते. मधला मणी हवा असेल तर अलीकडच्या कुठल्या तरी मण्यापासून सरकत यावं लागतं.

पण ‘अहो, सगळ्यांचंच असं असतं’ असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. हे वाक्य तुम्ही आयुष्यभर ऐकलं असेल आणि प्रत्येक वेळी अधिकच एकट्या पडला असाल. आमच्या ह्यांना ‘एच’पासून निघता येतं, तुम्हाला ‘ए’पर्यंत मागं जावं लागतं. ते दिवसातून एकदा थांबतात, तुम्ही दोनशे वेळा. शिवाय तुमच्या पत्रात ज्या गोष्टी सुट्या सुट्या आल्या आहेत, महिने, अक्षरं, पाढे, डावं-उजवं, त्या मला सुट्या वाटत नाहीत. वेल्समधल्या बँगोर इथं टी. आर. माइल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं, ओळखण्यासाठी एक छोटी चाचणी तयार केली, ती १९८०च्या दशकात प्रसिद्ध झाली. तिच्यात वाचन-लेखनाच्या पलीकडच्या गोष्टी विचारल्या जातात: डावं-उजवं सांगता येतं का, पाढे येतात का, महिने सरळ म्हणता येतात का, उलटे येतात का, ऐकलेले आकडे त्याच क्रमानं परत सांगता येतात का, आणि घरात आणखी कुणाला असं होतं का. तुमचं पत्र तुम्ही ही यादी समोर ठेवून लिहिलेलं नाही, तरी तिच्यातल्या किती गोष्टी त्यात आल्या आहेत बघा.

म्हणून तुम्हाला डिस्लेक्सिया आहेच, असं मी इथं बसून सांगणार नाही. नुसत्या महिन्यांवरून कुणीच तसं ठरवू नये. पण ही एक ओळखीची, नोंदलेली, जन्मापासूनची ठेवण आहे, ती बऱ्याच माणसांत सापडते आणि तिचा बुद्धीशी संबंध नाही, हे मात्र खात्रीनं सांगते. आपल्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) स्वतंत्रपणे नोंदलेली आहे, ती काय उगीच नाही.

आता आजींच्या आजाराची भीती. इथं मला तुमच्या विचारातली एक गाठ सोडवायची आहे. स्मृतिभ्रंशात असलेलं हातून निसटतं. तुमच्याकडे हे कधी नव्हतंच. सातचा पाढा तुम्हाला तिसरीत आला नव्हता आणि चौतिसाव्या वर्षीही येत नाही. यात काहीही ढासळलेलं नाही. दवाखान्यात डॉक्टर कधी कधी रुग्णाला महिने उलटे म्हणायला सांगतात, ते तुम्ही कुठं तरी पाहिलं असेल आणि धसका घेतला असेल. तिथं ते त्या माणसाचं त्या घडीचं अवधान तपासत असतात: कालपर्यंत येत होतं ते आज का येत नाही, हे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवते. जे पूर्वी सहज यायचं ते आता येईनासं झालं असेल, तर ‘मला तसंच होतं’ म्हणून स्वस्थ बसू नका. अपुरी झोप, मनावरचा ताण, नैराश्य, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, एखादं नवं औषध, यांतल्या कशानंही डोकं अडखळतं आणि यातलं बरंच काही उपचारानं सुधारतं. आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. आणि शब्द अचानक सुचेनासे झाले, बोलणं जड झालं, चेहरा किंवा हात एका बाजूला लुळा पडला, तर क्षणाचाही विलंब न करता मोठं रुग्णालय गाठा.

बुद्धीचं विचारलंत. तुमच्या दुकानातलंच घेऊ. ‘प्रिल’नं संपणारं नाव आलं, एनालाप्रिल असो की रामिप्रिल, तुम्हाला लगेच कळतं की हे रक्तदाबाचं कुटुंब. ‘सार्टन’ आलं की त्याचं चुलत घराणं, टेल्मिसार्टन, लोसार्टन. ‘स्टॅटिन’ म्हणजे कोलेस्टेरॉल, ‘प्राझोल’ म्हणजे पित्त. अशी शेकडो नावं, त्यांचे कंटेंट, मिलिग्रॅम, कोणतं जेवणाआधी आणि कोणतं नंतर, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. ते राहिलं, कारण त्याला अर्थ आहे. प्रत्येक नाव दुसऱ्या कशाला तरी धरून बसलेलं आहे. ‘एल’नंतर ‘एम’ का येतो याला मात्र काहीही कारण नाही. तो येतो, एवढंच. असा बिनकारणाचा क्रम केवळ आवाजाच्या माळेवर टिकतो, आणि ती माळ धरून ठेवण्याचं काम काही मेंदूंना जड जातं. तुमच्या मेंदूला जात असावं. अर्थ लागला की तोच मेंदू किती पक्का धरतो, ते तुमची गिऱ्हाइकं सांगतील.

मग आपल्याला ‘यायलाच पाहिजे’ असं इतकं का वाटतं? कारण आपल्याकडे येणं म्हणजे घडाघडा म्हणता येणं. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की परवचा. पाढे, पावकी, निमकी, वार, महिने, नक्षत्रं. ज्याची गाडी न अडखळता जायची ते पोर हुशार, अडखळलं ते मठ्ठ. परवच्यावर माझं प्रेम आहे, माझ्या आजीच्या आवाजासकट तो माझ्या कानात आहे. पण मी सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि एक मुलगा मला अजून आठवतो. त्याला महिने म्हणता यायचे नाहीत. मार्चनंतर तो हमखास जूनवर उडी मारायचा. मी त्याला वर्गासमोर उभं करून दहा दहा वेळा म्हणायला लावलं. तोच मुलगा सायकलची चेन, फ्रीव्हील, ब्रेक सगळं खोलून जसंच्या तसं परत बसवायचा, आणि त्यातही क्रम असतोच की! हातात धरता येणारा क्रम त्याला येत होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. त्याची मी आजही मनातून माफी मागते. तुम्हालाही असंच कुणीतरी उभं केलं असणार. त्या उभं राहण्याची लाज तुम्ही आज रॅककडे तोंड करून उभ्या राहता, तिथपर्यंत आली आहे.

ताई, मला वाटतं तुमचा खरा त्रास ही लाजच आहे. क्रम चुकण्यातून जेवढं बिघडतं त्याहून जास्त तो लपवण्यातून बिघडतं. त्या चुकलेल्या खोक्याचंच बघा. बोटांवर मोजायला वेळ लागतो, कुणी बघेल म्हणून तुम्ही घाई करता, आणि घाईत खोका चुकतो. समोर भिंतीवर महिन्यांचा तक्ता असता तर?

तेव्हा तुमच्या झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: औषधं जरूर द्या, पण क्रम डोक्यात ठेवून देऊ नका. तो दुकानात ठेवा. सुरक्षित औषधविक्री ही कुणाच्याही स्मरणशक्तीवर चालू नये. चिठ्ठी समोर, स्ट्रिप हातात, नाव आणि मिलिग्रॅम वाचून पडताळा, ही शिस्त पाढे येणाऱ्यालाही तितकीच लागते. उलट ज्याला आपली आठवण पक्की वाटते, तो न बघता हात घालतो.

रॅकपासून सुरुवात करू. सव्वीस अक्षरांची एक लांब माळ तुम्हाला झेपत नाही, तर तिचे चार तुकडे करा: ए ते एफ, जी ते एल, एम ते आर, एस ते झेड. पहिल्या तिन्हींत सहा-सहा, शेवटच्यात आठ. प्रत्येक तुकड्याला एक रंग. पिवळी, हिरवी, निळी, लाल चिकटपट्टी स्टेशनरीच्या दुकानात मिळते. ती रॅकच्या कडेला लावा आणि प्रत्येक खणावर मोठ्या ठशात अक्षर. आता पाठ काय करायचं? फक्त चार दारं: ए, जी, एम, एस. ‘एन’ आलं की ‘ए’पासून निघू नका, ‘एम’च्या दारातून आत शिरा. ‘एम, एन’, दुसऱ्याच पावलाला पोचलात. ज्या गाण्याच्या जागा सगळी माणसं नकळत वापरतात, त्या तुम्ही स्वतः ठरवून घेताय, इतकंच. दोन आठवड्यांत पाय आपोआप रंगाकडे वळायला लागतील. जागा आणि रंग तुमच्या ध्यानात राहतात असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं, कारण तुम्हीच लिहिलंय, ‘रोजची शंभरएक औषधं मी न बघता काढते, नवं नाव आलं की अडते.’

मुदतीसाठी मी तुम्हाला एक पद्धत सुचवते, ती मनापासून करून बघा. महिन्याचं नाव डोक्यातून काढूनच टाका. काउंटरच्या आतल्या बाजूला, उभ्या उभ्या दिसेल असा एक तक्ता चिकटवा, जानेवारी ०१ ते डिसेंबर १२. माल आला की खोक्यावर मार्करनं मुदत लिहायची, पण उलटी: आधी वर्ष, मग महिना. ऑगस्ट २०२६ असेल तर २०२६०८. मार्च २०२७ असेल तर २०२७०३. आता कोणता आधी संपणार हे कळायला मार्च आणि ऑगस्ट यांतलं काही आठवावं लागत नाही. दोन आकडे समोर आहेत, लहान तो आधी संपणार. आणि मुदत जवळ आलेल्या मालासाठी रिकामे खोके मिळतातच, त्यांतले बारा घ्या, १ ते १२ आकडे घाला, ओळीत ठेवा. चालू महिन्याचा खोका सगळ्यात पुढं. महिना संपला, त्यातला माल स्टॉकिस्टला परत गेला की तो खोका उचलून शेवटी ठेवायचा. तुमच्या हातानं महिना पुढं सरकतो. सायकल खोलणाऱ्या त्या मुलाला हे फार आवडलं असतं.

हे सगळं करूनही महिने स्वतःला यावेत असं तुम्हाला वाटत असेल, तर शिकायला माझी ना नाही, पण माळ ओढत बसू नका. बाराही महिन्यांना एकेक खुंटी द्या. जानेवारीला सव्वीस तारीख, फेब्रुवारीला शिवजयंतीची एकोणीस, मार्चला दुकानाचा वर्षअखेरचा हिशेब, एप्रिलला चौदा तारखेची आंबेडकर जयंती, मेला महाराष्ट्र दिन, जूनला शाळा, जुलैला तुमच्याकडची भाताची लावणी, ऑगस्टला झेंडावंदन, सप्टेंबरला शिक्षक दिन, ऑक्टोबरला गांधीजयंती, नोव्हेंबरला बालदिन, डिसेंबरला नाताळ. शेवटच्या चारांत तर आपल्या ओळखीचे आकडेच लपलेत: सप्टेंबरमधला सप्त, ऑक्टोबरमधला अष्ट, नोव्हेंबरमधला नव, डिसेंबरमधला दश. प्राचीन रोममध्ये वर्ष मार्चपासून मोजायचे, तेव्हा हे खरोखरच सातवा, आठवा, नववा, दहावा महिना होते. आपण जानेवारीपासून मोजतो, म्हणून प्रत्येकात दोन मिळवायचे. ऑक्टोबर म्हणजे आठ आणि दोन, दहा. स्ट्रिपवर तोच महिना तुम्हाला सगळ्यात जास्त छळतो म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि आता सासूबाईंचा प्रश्न, ज्यानं तुमच्या डोळ्यांत पाणी आणलं. भाद्रपदानंतर काय?

तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या आहात असं समजा. कैरीची वाटली डाळ आणि पन्हं तुम्ही हळदीकुंकवाला करता, तो चैत्र. अक्षय्य तृतीयेला आमरस, वैशाख. वडाला आंबा वाहता, ज्येष्ठ. एकादशीची खिचडी, आषाढ. नारळीभात, श्रावण. मोदक, भाद्रपद. मोदकांचं पात्र धुऊन माळ्यावर गेलं की पुढं घरात काय येतं? घट बसतात, उपवासाची भगर निवडायला घेता, मग कोजागिरीचं केशरी दूध. तो आश्विन. फराळाचे डबे आश्विन-कार्तिकाच्या सांध्यावर. तुळशीच्या लग्नाला ऊस, बोरं, आवळे, कार्तिक. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, मार्गशीर्ष. भोगीची भाजी आणि तिळगूळ, बहुतेक वर्षी पौष. रथसप्तमीला गोवरीवर दूध उतू घालता, माघ. आणि पुरण शिजतं तो फाल्गुन. पत्रात तुम्ही सणांच्या तयारीबद्दल लिहिलंय, ‘सणाला काय काय लागतं हे मला विचारावं लागत नाही, आठ दिवस आधीच सगळं घरात असतं.’ अहो, मग तुम्हाला सगळं वर्ष ओळीनं येतंय! नुसती नावं चिकटवायची राहिलीत. या महिन्यांची नावंही कुणी उगीच ठेवलेली नाहीत. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो त्यावरून ती पडली. चित्रावरून चैत्र, विशाखावरून वैशाख, कृत्तिकांवरून कार्तिक, मघावरून माघ. सासूबाईंशी मोकळं नातं असेल तर पुढच्या वेळी त्यांना म्हणा, ‘आई, नाव पटकन सुचत नाही मला, पण घट बसतात तो महिना.’ त्या हसून ‘आश्विन’ म्हणतील, आणि तुमच्या लेकीला दिसेल की आईला येतं, वेगळ्या वाटेनं येतं.

मालकांना सांगावं का? इथं मी दोन गोष्टी वेगळ्या करते. दुकानात बदल मागायला स्वतःबद्दल काही सांगायची गरज नाही. ‘रॅकला रंगाच्या पट्ट्या आणि अक्षरं लावू का, नव्या मुलालाही सोपं जाईल,’ एवढं पुरे. कोणताही शहाणा मालक नाही म्हणणार नाही. ते आधी करा. स्वतःबद्दल सांगायचं की नाही, हे त्यांच्या स्वभावावर आहे. पोरांना कामावरून टाकून बोलणारा माणूस असेल तर मी तुम्हाला घाई करा म्हणणार नाही. कायद्यात या अडचणीला नाव आहे हे खरं, पण चार माणसांच्या दुकानात कायदा दाखवून कुणाची वागणूक बदलत नाही. पण तुम्ही त्यांच्याकडे नऊ वर्षं आहात आणि त्यांनी तुम्हाला दुकानाच्या किल्ल्या दिल्यात, असं तुम्ही लिहिलंय. अशा माणसाला मी सांगितलं असतं. माफी मागितल्यासारखं नाही. ‘मला अक्षरांचा आणि महिन्यांचा क्रम पटकन सुचत नाही, लहानपणापासून आहे, म्हणून मी तक्ता बघून काम करते आणि मुदतीचा माल एकदा दुसऱ्याच्या नजरेखालून घालते.’ यात शेवटचं वाक्य महत्त्वाचं. अडचण आणि तिच्यावरचा बंदोबस्त एकाच दमात सांगा. आणि तो चुकलेला खोका लपवून ठेवू नका. सहकाऱ्याला माहीत आहे, तो कधी तरी बोलेल. त्याआधी तुम्ही बोललात तर ती चूक राहील, गुपित राहणार नाही.

त्याआधी मात्र घरी सांगा. तुमच्या मिस्टरांना बारा वर्षांत हे माहीत नाही, हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. फॉर्मवर जन्मतारखेचा महिना आकड्यात लिहायचा असला की तुम्ही ‘तुमचं अक्षर छान आहे’ म्हणून त्यांच्याकडे कागद सरकवता. किती दमत असाल.

तपासणी करावी का? तुमच्या बाबतीत मी म्हणेन, सवड काढून करा, पण प्रमाणपत्रासाठी नव्हे, स्वतःच्या समाधानासाठी. भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी केलीत तर वाट सापडेल. आपल्याकडे चाचण्या बहुतेक शाळकरी मुलांसाठी आहेत, मोठ्यांची तपासणी करणारे कमी, त्यामुळे एक-दोन ठिकाणी ‘आता या वयात कशाला’ असं ऐकावं लागेल. ऐका आणि पुढच्या ठिकाणी जा. जाताना शाळेच्या जुन्या गुणपत्रिका असतील तर न्या, आईला आठवतं ते लिहून न्या.

राहिली लेक. अशा अडचणी कुटुंबात चालत येतात, त्यामुळे तिला होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त आहे. होईलच असं मात्र नाही. आत्ता ती पहिलीत आहे, या वयात बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात आणि वार गाळतात. शाळेतली रीतसर पाहणी साधारण तिसरीत, आठ वर्षांच्या आसपास होते. तोवर तुम्ही नुसतं लक्ष ठेवा: यमकं जुळवता येतात का, शब्दातला पहिला आवाज ओळखते का, वाचायला टाळाटाळ करते का. शंका आलीच तर थांबू नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ नावाची चाचणी मराठीतही आहे, म्हणजे मराठी शाळेतल्या मुलीला इंग्रजीच्या मापानं मोजायची वेळ येत नाही. आपल्या राज्यात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती गेली कित्येक वर्षं मिळतात. तुमच्या वेळी तुमच्या गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता तुम्हाला ठाऊक आहे.

तिला वर्णमाला शिकवताना एक मजा दाखवा, तुम्हालाही उपयोगी पडेल. आपल्या मुळाक्षरांचा क्रम इंग्रजीसारखा बिनकारणाचा नाही. ‘क’ म्हणा, आवाज गळ्याजवळ अडतो. ‘च’ म्हणा, जीभ टाळूला. ‘ट’ला जिभेचं टोक वळून वर लागतं, ‘त’ला दातांना, ‘प’ला ओठ मिटतात. आतून बाहेर, पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीवर पुन्हा पाच. तळहात तोंडासमोर धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हणायला लावा. ‘ख’ला हातावर फुंकर लागेल. ‘प’ आणि ‘फ’लाही तसंच. ‘ग’, ‘द’, ‘ब’ला गळ्याला बोट लावलं तर थरथर लागते. शेवटचं अक्षर नाकात जातं. विसरलं तर कुणाला विचारायला नको, स्वतःचं तोंडच सांगतं की पुढं काय.

या रविवारी तिला घेऊन बसा आणि तो बारा महिन्यांचा तक्ता तिच्याच हातून करून घ्या. जाड पुठ्ठा, स्केचपेन, प्रत्येक महिन्यापुढं तिला वाटेल ते चित्र. दोन प्रती करा. एक तिच्या अभ्यासाच्या भिंतीवर लावा. दुसरी सोमवारी दुकानात न्या, आणि कुणी विचारलं ही कुणाची, तर सांगा, माझ्यासाठी माझ्या मुलीनं केली आहे.